तिरक्या डब्यातलं तूप

"मायाच्यानं झालं."

बाई एवढं एकच वाक्य परत परत म्हणत होती. डोक्याला पट्टी, डावा हात प्लास्टरमध्ये, नजर छताकडे. पलंगाच्या एका बाजूला पोलीस इन्स्पेक्टर कागद घेऊन बसला होता. दुसऱ्या बाजूला आमचे ऑपरेशन्स मॅनेजर मेहरा साहेब उभे होते. दोघांनाही मराठी येत नव्हतं. बाईला हिंदी येत होतं, पण अशा वेळी माणूस आपल्याच बोलीत बोलतो. म्हणून हेलिपॅडवरून मला बोलावून घेतलं होतं.

"क्या बोल रही है?" मेहरांनी विचारलं.

"माझ्यामुळे झालं, असं म्हणते," मी हिंदीत सांगितलं.

मेहरांचा चेहरा एकदम सैल पडला. ते पाहून मला त्यांचा राग आला. मग स्वतःचाही आला, कारण ते वाक्य ऐकून मलाही जरा हायसं वाटलं होतं.

माझं काम सांगतो, म्हणजे हायसं का वाटलं ते कळेल. मी अमरावतीचा, राजापेठेतला. शिकलो अकोल्याला. हेलिकॉप्टरचा मेन्टेनन्स इंजिनिअर आहे. गावाकडे लोक विचारतात, "म्हंजे पायलट हाय काय तुमी?" मी म्हणतो, नाही, मी त्याचा मेकॅनिक. रोज सकाळी पहिल्या उड्डाणाआधी मी मशीन तपासतो. इंजिन, पाती, शेपटाकडचा पंखा, तेल, इंधन. सगळं ठीक असेल तर सही करतो. माझी सही झाल्याशिवाय पायलट मशीनला हात लावत नाही. यात्रेच्या हंगामात आमची कंपनी हिमालयातल्या एका देवस्थानाला भाविकांची ने-आण करते. खालच्या खोऱ्यातलं हेलिपॅड ते देवळाजवळचं वरचं हेलिपॅड, अशा दिवसभर फेऱ्या. त्याला आम्ही शटल म्हणतो.

त्या दिवशी सकाळी ज्या मशीनवर मी सही केली होती, ते वरच्या हेलिपॅडच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर पडलं होतं. कॅप्टन भाटिया गेले. त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसलेले महादेवराव नावाचे भाविक गेले. मागचे प्रवासी जखमी झाले, पण वाचले. ही बाई त्यातलीच. सुलभा तिचं नाव, महादेवरावांची सून.

भाटियांनी सकाळी माझ्याच थर्मासमधला चहा घेतला होता. तो थर्मास अजून माझ्या बॅगेत होता. तो धुवायला माझा हात होत नव्हता.

महादेवरावांनाही मी ओळखत होतो, म्हणजे तेवढीच सकाळची ओळख. खालच्या हेलिपॅडवर प्रत्येक प्रवाशाचं वजन करतात. उंचावर हवा विरळ असते. विरळ हवेत पात्यांना धरायला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून तिथे हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं. कोण कुठे बसेल, कोण पुढच्या फेरीत येईल, ते काट्यावर ठरतं. महादेवराव काट्यावर चढता चढता थांबले.

"काहून बा, काट्यावर कायले चढवून राहिले? मी का कापूस हावो?"

तिथल्या पहाडी पोराला काही कळलं नाही. मी मात्र खोखो हसलो. विचारलं, "कुठले तुम्ही?"

"अचलपूरच्या आंगानं. तुमी?"

"अमरावती. राजापेठ."

"घ्या! म्हंजे घरचेच की." मग त्यांनी समोरच्या शिखरांकडे पाहिलं. "चिखलदऱ्यावर चिखलदरा ठेवला तरी एवढा उंच होनार नाई, बाप्पा."

त्यांची बायको कमलाबाई काट्यावर जड भरली. तिला पुढच्या फेरीत यायला सांगितलं. तिला ते पसंत नव्हतं. नवऱ्यासोबत जायचं म्हणून ती कर्मचाऱ्यांशी बरीच भांडली आणि शेवटी हरली. जाताना ती महादेवरावांच्या अंगावरचा पांढरा शेला नीट करत होती, त्याला कंबरेशी गाठ मारून देत होती. थंडी वाजू नये म्हणून करत असेल, असं मला वाटलं. मी वळलो आणि कामाला लागलो.

आता हॉस्पिटलमध्ये सुलभा सांगू लागली आणि मी हिंदीत सांगू लागलो.

लाख वातींचं व्रत होतं. आमच्या भागात हे बायका करतात. घरच्या कापसाच्या वाती वळायच्या, तुपात भिजवायच्या आणि देवापुढे लावायच्या. सुलभाचा नवरा मोठ्या दुखण्यातून उठला, तेव्हा कमलाबाईंनी हा नवस बोलला होता. सगळ्या वाती घरी जळल्या. शेवटच्या थोड्या हिमालयातल्या देवापुढे लावायच्या म्हणून डब्यात भरून आणल्या. वर कापराची पुडी ठेवली. हेलिकॉप्टरमध्ये पेट घेणारं काही न्यायला बंदी आहे, तसा मोठा फलक हेलिपॅडवर लावलेला आहे.

"मीनं तो डबा पदराखाली लपवला," सुलभा म्हणाली. "मांडीवर धरून बसली व्हती. वर गेल्यावर धूर आला, जयल्यावानी वास आला. मंग काई आठवत नाई. डोये उघडले त आग दिसली. तो डबाच पेटला. मायाच्यानंच मामाजी गेले."

मामाजी म्हणजे सासरे. मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. इन्स्पेक्टर लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवलं: प्रवासी महिलेने ज्वलनशील पदार्थ लपवून नेला, त्याने पेट घेतला, म्हणून अपघात झाला, असं ती कबूल करते.

"असं ती म्हणाली नाही," मी म्हणालो.

"अभी तो बोला तुमने," मेहरा म्हणाले.

"डबा नेला, असं म्हणाली. आग पाहिली, असं म्हणाली. डबा पेटताना पाहिला, असं म्हणाली नाही. ती त्या वेळी शुद्धीवरच नव्हती."

मेहरांनी मला दाराबाहेर नेलं. आवाज अगदी खाली आणून ते हिंदीतच म्हणाले, "तुझ्या सहीचं मशीन होतं. विचार कर. हे जे मिळतंय ते तुझ्याही फायद्याचं आहे."

ते खोटं बोलत नव्हते. बाईवर आलं असतं, तर माझ्या सहीबद्दल कुणी विचारलं नसतं. भर हंगामात ढगाळ हवेतही फेऱ्या चालू ठेवायचा आग्रह कुणाचा होता, हेही कुणी विचारलं नसतं. बाईवर मात्र निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा गुन्हा दाखल झाला असता.

"सर, तपास करणारे उद्या येतील. ते डबा पाहतील. तोपर्यंत मी दुभाषा म्हणून सही करणार नाही."

"तू मराठी आहेस म्हणून तिची बाजू घेतोस?"

"नाही. मी मेकॅनिक आहे म्हणून."

नोकरी जाईल, असं वाटत होतं. पण सही केली नाही. इन्स्पेक्टर भला होता. त्याने कागद खिशात घातला आणि म्हणाला, "ठीक है, दो दिन रुकते हैं."

दुसऱ्या दिवशी अपघात तपास पथक आलं. त्यातले मुख्य अधिकारी दक्षिणेकडचे. कमी बोलायचे, सगळं हाताळून पाहायचे. मशीनचे भाग ओळखायला माझी गरज होती, म्हणून मला सोबत घेतलं. माझं मशीन असल्यामुळे माझ्यावरही त्यांची नजर होती, हे मला माहीत होतं. आम्ही चढत गेलो. त्या उंचीवर चार पावलं टाकली की माणूस धापा टाकतो. वारा तोंडावर आपटत होता. बोलायला कुणाकडे दम नव्हता.

शेपूट तुटून वेगळी पडली होती. पात्यांचे तुकडे उताराच्या पलीकडे दूरवर फेकले गेले होते. इंजिन जोरात चालू असताना पातं डोंगराला लागलं, तर तुकडे असेच लांब उडतात. इंजिन आधी बंद पडलं असतं, तर पाती वाकून तिथेच पडली असती. म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत इंजिन ताकद देत होतं. माझी सही खरी ठरली. मला बरं वाटलं, आणि भाटियांच्या रिकाम्या सीटसमोर उभं राहून बरं वाटलं, याची लाजही वाटली.

आगीची जागा मागे होती, इंजिन आणि फ्युएल टँकच्या बाजूला. तिथला धातूचा पत्रा वितळला होता. पुढे येत येत काळेपणा कमी होत गेला होता. वरच्या हेलिपॅडवरचे घोडेवाले आणि आमचे लोक पळत आले, त्यांनी माणसं ओढून काढली आणि आग विझवली, म्हणून ती पुढे पोचली नाही. पुढचा भाग आगीने गेला नव्हता, आपटून चेपला होता.

डबा मागच्या सीटवर किंवा सीटखाली असायला हवा होता. सुलभा मागे बसली होती. तिथे नव्हता.

तो पुढे मिळाला, महादेवरावांच्या सीटखाली. पांढऱ्या शेल्यात बांधलेला होता, आणि शेल्याची दोन्ही टोकं सीटच्या दांडीला गाठ मारून आवळलेली. बैलगाडीत पाण्याची घागर कलंडू नये म्हणून बांधतात, तशी गाठ. सीटचा पट्टा बांधताना कंबरेला कुणाचा हात लागेल म्हणून म्हाताऱ्याने बसल्या बसल्या तो कंबरेचा सोडून खाली बांधला असणार. मी तो शेला ओळखला.

अधिकाऱ्यांनी आधी फोटो काढले. मशीन एका अंगावर कलंडलं होतं, त्यामुळे डबाही चांगलाच तिरका होता. कोन मोजायचं छोटं यंत्र लावून त्यांनी तो तिरकेपणा मोजला. मग हातमोजे घालून झाकण हळूच उघडलं आणि आतलाही फोटो काढला.

वर कापराची पुडी. तिचा कागदसुद्धा करपलेला नव्हता. खाली फुलवाती, एकीला एक चिकटून ओळीने उभ्या, जशा घरी रचल्या तशा. तूप थंडीने गोठून पांढरं झालं होतं.

"व्हॉट इज दिस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

ते बराच वेळ डब्यात पाहत राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर आहात. तुपाच्या पृष्ठभागाकडे पाहा."

मी पाहिलं आणि मला उमजलं. डबा तिरका होता, पण तूप डब्याच्या तळाशी समांतर होतं. डबा तिरका, तसं तूपही तिरकं. पातळ पदार्थ असा राहत नाही. भांडं कितीही वाकडं करा, तो क्षितिजाला समांतर होतो. डबा असा पडल्यानंतर तूप एकदा जरी वितळलं असतं, तरी ते एका बाजूला वाहून तिथे गोठलं असतं. तूप वितळायला असा किती उष्मा लागतो? डब्याने पेट घेणं तर सोडाच, आगीची साधी ऊबसुद्धा तिथपर्यंत पोचली नव्हती.

"दिस बॉक्स डिड नथिंग," अधिकारी म्हणाले आणि झाकण लावलं.

मला त्या डोंगरावर रडू आलं. कुणासाठी ते सांगता येत नाही.

खाली येऊन मी थेट सुलभाकडे गेलो. खोलीत ती एकटीच होती.

"ताई, डबा तुमच्याजवळ नव्हता."

तिने मान फिरवली.

"पुढच्या सीटखाली होता, शेल्यात बांधलेला. तुम्ही पोलिसांना खोटं काहून सांगितलं?"

तिने चांगल्या हाताने चादर ओढून घेतली. मग म्हणाली, "गावात मामाजीचं नाव हाय, भाऊ. देवाले गेला अन् चोरून डबा नेऊन लोकं मारले, असं म्हनतीन. ते त जवाब द्याले येनार नाई. मी जित्ती हावो. मले बोलले त चालते."

"पण डब्याने काही झालंच नाही, ताई. मी पाहून आलो."

"तुमी आपले मानूस. तुमी असंच म्हनान."

मी किती समजावलं, तरी तिला ते खरं वाटेना. मला तिचा राग आला आणि तिच्यापुढे हात जोडावेसेही वाटले. अधिकाऱ्यांनी इन्स्पेक्टरला डब्याबद्दल लेखी कळवलं, त्यामुळे तो कागद खिशातून परत बाहेर आला नाही. मेहरा माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. माझी नोकरी राहिली, कारण इंजिनिअर लवकर मिळत नाहीत.

रिपोर्ट यायला खूप काळ लागला. त्यात जे होतं ते थोडक्यात असं: ढग दरीतून वर येत होते, पायलट पुढे गेला, ढगात डोंगर दिसेनासा झाला, वळताना पातं उताराला लागलं. आग नंतर लागली, फुटलेल्या टँकमधून. म्हणजे सुलभाला वर वाटलेला धूर हा ढग होता, आणि जळका वास पडल्यानंतरचा. आमच्याकडचं हे उड्डाण डोळ्यांनी पाहून करायचं असतं. डोळ्यांनी दिसत नसेल, तर खाली बसून राहायचं असतं. फेऱ्यांच्या घाईबद्दल कंपनीवरही ताशेरे होते. भाटिया फौजेतले, अनुभवी. ते का पुढे गेले, ते सांगायला ते नाहीत.

मधल्या काळात सुलभाच्या नवऱ्याचा अधूनमधून फोन यायचा. "साहेब, सुलभा आता दिवा लावत नाई. मायनं त तिच्याशी बोलनंच टाकलं. गावाचं तर विचारूच नका." डबा आपल्याजवळ होता असं सून बोलली म्हणून सासू तिला दोषी धरते, असा मी अंदाज बांधला. मला कमलाबाईंचा रागच येत असे.

रिपोर्ट आल्यावर मी अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आणि तो डबा मागून घेतला. सुट्टीत अमरावतीला आलो, तेव्हा अचलपूरची एसटी धरली. ऊन असं होतं की खिडकीच्या दांडीला हात लावता येत नव्हता. डबा मांडीवर होता. अर्ध्या वाटेवर कळलं की तूप पाणी झालं आहे आणि माझी पॅंट तुपाने भिजली आहे. हिमालयात जो पुरावा जपला, तो असा एसटीत सांडत होता. मला हसू आलं, शेजारच्या बाईने मात्र सरकून घेतलं.

घरी पोचलो. कमलाबाई ओसरीवर बसलेल्या. आधीपेक्षा पुष्कळ वाळल्या होत्या. सुलभाने पाणी आणलं आणि आत दाराशी उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नाही. मी डबा समोर ठेवला आणि झाकण उघडलं. कमलाबाई जरा मागे सरकल्या.

मी रिपोर्टची भाषा बाजूला ठेवली. घरच्या डब्याने काम होणार होतं.

"काकू, हा डबा जरा तिरपा करून पाहा."

त्यांनी केला. तूप एका कडेला वाहत आलं.

"तूप पातळ असलं की असं होतं, बरोबर?"

"हे का सांगा लागते, बाप्पा? जल्मभर कढवलं."

मग मी रिपोर्टातला फोटो मोबाइलवर दाखवला. डोंगरावरचा तिरका डबा, त्यातलं तिरकं तूप, उभ्या वाती. "हा पडल्यानंतरचा. तूप पाहा."

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. एकदा फोटो पाहिला, एकदा हातातला डबा. मला पुढे एक शब्द बोलावा लागला नाही.

"हे त हाललंच नाई," त्या म्हणाल्या. "याले आच लागलीच नाई."

"नाही लागली. डब्याने काही झालं नाही, काकू. आग मागे लागली, तीही पडल्यानंतर."

कमलाबाईंनी डबा छातीशी धरला. तूप त्यांच्या लुगड्यावर सांडलं.

"मले वाटलं, मीनंच मारलं त्यायले," त्या म्हणाल्या. "मले गाडीत घेतलं नाई त मीनं डबा त्यायच्या शेल्यात बांधून देल्ला. ते नाई म्हनत व्हते. मी म्हटलं, न्या गपचूप. अन् हे पोरगी हॉस्पिटलात सांगे का डबा मायाजवळ व्हता. मले तिच्या तोंडाकडे पाह्यता येत नव्हतं. कोन्या तोंडानं बोलू?"

मी इतके दिवस त्या बाईवर उगाच राग धरून बसलो होतो.

आतून सुलभा आली आणि सासूच्या पायाशी बसली. "आत्याबाई, मले माईत नव्हतं तुमी देल्ला थे. मामाजी सीटखाली बांधतानी दिसले त मले वाटलं, त्यायनंच घेतला."

त्यानंतर दोघी ज्या रडल्या, ते मी पाहू शकलो नाही. अंगणात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने कमलाबाईंनी मला हाक मारली.

"मंग कोनाच्यानं झालं, साहेब?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "ढगात जायला नको होतं," मी म्हणालो. "कॅप्टन त्यात शिरले, आणि तेही वाचले नाहीत. फेऱ्यांची घाई होती, कंपनीतल्या वरच्यांचीही."

वाटलं, आता शिव्या येतील. त्या आल्या असत्या, तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

कमलाबाई म्हणाल्या, "त्या पायलटले माय हाय काय?"

"आहे. म्हातारी आहे."

त्यांनी डब्यातली एक वात काढून निरांजनात ठेवली. मग आणखी एक काढली आणि शेजारी ठेवली. काडीपेटी सुलभाच्या हातात दिली. "लाव. हे मामाजीची. अन् हे त्या पायलटची."

सुलभाने दोन्ही लावल्या.

नवे इंजिनिअर येतात, तेव्हा मी त्यांना कामाचं सगळं शिकवतो आणि शेवटी एवढंच सांगतो. आपल्या रिपोर्टात कशामुळे झालं ते लिहितात आणि फाइल बंद होते. घरी मात्र कोणामुळे झालं ते विचारतात. म्हणून रिपोर्ट आला की कुणीतरी तो घेऊन त्या घरी गेलं पाहिजे. कंपनी पाठवत नाही, आपली सुट्टी काढून जावं लागतं.